लाल वायरच्या दोन गाठी

सिरसाळ्यात कुणाला स्वयंपाकघर नवं करायचं असलं की ओटा आणि टाईल्स ठरायच्या आधी सत्यशीलाला निरोप जातो. आणि ती आली की पहिल्या दिवशी घरमालक हमखास कपाळाला हात लावतो, कारण पहिल्या दिवशी ती काही करतच नाही. हत्यारांची पिशवी दाराशी ठेवते, पाय धुते, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसते आणि घरच्या बाईला म्हणते, “करा सैपाक. मी हितं हाय असं समजूच नका.”

तास-दोन तास ती नुसती बघते. भाकरी थापताना कोणता हात मोकळा राहतो, ओला हात कुठं कुठं जातो, फोडणीची वाफ कोणत्या भिंतीवर बसते, मिक्सरचं भांडं घेऊन बाई कुणीकडे वळते. मग उठते, पदर खोचते आणि पिवळ्या खडूने भिंतीवर चौकोन काढत सुटते. हा मिक्सरचा, हा घरघंटीचा, हा फ्रीजचा. नळापासून हातभर अंतरात एकही बोर्ड नाही आणि गॅसच्या मागं तर नाहीच नाही. घरघंटीला आणि ओव्हनला जाड वायरची वेगळी लाईन. एकदा तिने चौकोन काढला की तो बोटभरही सरकत नाही, मग मालक कितीही मोठा पुढारी असो.

जुन्या वायरमन मंडळींवर तिचा भारी राग. “त्यायनी सैपाकघर बघितलंय ते ताटावर बसून,” ती म्हणते. “गॅसम्होरं हुबं राहून कुनी बघितलंय?” आणि खोटं काय आहे त्यात? जुन्या घरांत बोर्ड कुठं सापडतो, तर जिथं भिंत वायरमनच्या सोयीची तिथं. बाईने एका हातात उलथनं धरून, उकळत्या आमटीवरून वाकून बटण दाबायचं. तिचा स्वतःचा नवरा याच जुन्या मंडळींतला. तो हे ऐकतो आणि गालातल्या गालात हसतो.

तिच्या घरात भिंतीवर चौकट करून लावलेला सरकारी परवाना आहे. त्यावर हुद्दा लिहिलाय ‘तारतंत्री’. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने ती परीक्षा दिली, तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये साडीतली ती एकटी. गावाला मात्र तो शब्द काही पचला नाही. तारतंत्री म्हणजे काहीतरी मंत्रतंत्र असणार, असं समजून एका म्हातारीने तिच्याकडे नातू दृष्ट काढायला आणला होता. सत्यशीलाने त्याची दृष्ट काढली, म्हातारीच्या घरातला जळका होल्डरही बदलून दिला, आणि तेव्हापासून ती सरळ ‘वायरमनबाई’ झाली.

पण विजेचं काम तिला परीक्षेच्या कितीतरी आधीपासून येत होतं. ते ती कशी शिकली, हे मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचा नवरा तानाजी या भागातला जुना, नावाजलेला वायरमन. लग्न झाल्यापासून तो प्रत्येक कामावर बायकोला बरोबर न्यायचा. ती शिडी धरायची, वायर सोडून द्यायची, पक्कड हातात द्यायची. लोक चिडवायचे, “तानाजी, बायकू काय शिदोरीसारखी बांधून आनतूस का बे?” तानाजी ते हसण्यावारी न्यायचा. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तानाजीला लाल आणि हिरवा यांतला फरकच दिसत नाही.

सत्यशीलाला ते कळायला महिना लागला. लग्नाच्या मांडवात तिच्या हिरव्या चुड्याकडे बघून तो हळूच म्हणाला होता, “लाल बांगड्या लई शोभायल्यात.” ती थट्टा समजून लाजली. महिन्याने त्याने बाजारातून पिकलेले म्हणून पिशवीभर कच्चे टमाटे आणले, तेव्हा तिने टमाटा हातात धरून सरळ विचारलं. तो आधी रागावला, जेवला नाही. मग म्हणाला, लाईनमनच्या भरतीत डोळे तपासले तेव्हाच त्याला बाजूला काढलं होतं. गावात त्याने ‘वशिला नव्हता’ असं सांगून वेळ मारून नेली होती. विजेच्या कामात लाल वायर करंटची, काळी परतीची आणि हिरवी अर्थिंगची, म्हणजे बाहेर सांडलेला करंट जमिनीत नेऊन सोडणारी. लाल-हिरवं न कळणाऱ्या वायरमनला कोण घरात घेणार?

वीस वर्षांच्या त्या पोरीने तोड काढली. वायरी पाइपातून ओढून झाल्या की टोकांशी ती सैल गाठी मारायची. लाल वायरला एक गाठ, हिरवीला दोन. काळी त्याला दिसायचीच. मग तानाजी बोटांनी गाठी चाचपत बिनघोर काम करायचा, आणि त्याचं काम इतकं नेटकं असायचं की बघत राहावं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ही मूठ तीस वर्षं झाकून राहिली. गाठी मारता मारता सत्यशीला बाकीचं सगळं शिकली. पुढं गुडघ्यांनी दगा दिला तसं तानाजीने शिडी सोडली आणि घरीच मोटारी भरायचं काम धरलं. जळक्या मोटारीतली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. तांब्याला रंग एकच. त्या कामात तो राजा आहे. तेलगावपासून लोक त्याच्याकडे मोटारी घेऊन येतात.

तर यंदा दिवाळी झाल्यावर सिद्धलिंगआप्पांचा निरोप आला. आप्पांचं रस्त्याला लागून बी-बियाण्याचं दुकान, आणि दुकानामागं राहतं घर. घर चाळीस वर्षांचं, दगडी भिंतींचं, वर स्लॅब. आप्पांची सून शिवांजली हौशी. तिला चिमणी हवी होती, ओव्हन हवा होता, घरघंटी तर कधीची येऊन पोत्यात गुंडाळून पडली होती. टाईल्सचे खोके पडवीत रचून ठेवले होते आणि गवंडी रोज येऊन विचारत होता, “झिऱ्या कवा मारायच्या?” वायरचा पाइप बसवायला भिंतीत खाच पाडतात, तिला झिरी म्हणतात. एकदा झिऱ्या बुजल्या आणि वर टाईल्स बसल्या की आतलं काम देवालाही दिसत नाही. म्हणून सत्यशीला आधी सगळं बघून घेते.

हे घर तिच्या ओळखीचं होतं. तिथल्या स्वयंपाकघराचं वायरिंग चौदा वर्षांपूर्वी तानाजीनेच केलेलं. नवऱ्याचं जुनं काम उकरायचं म्हणून ती येताना थोडी खुशीतच होती. घरी जाऊन चिडवायला विषय मिळणार होता.

नेहमीप्रमाणे ती कोपऱ्यात बसली. शिवांजली येसराच्या आमटीचं करत होती. घर लिंगायतांचं, देवघर स्वयंपाकघरातच, त्यामुळे तिथं चप्पल नाही. सगळ्यांचे पाय अनवाणी. शिवांजलीने खोबरं भाजलं, मिक्सरच्या भांड्यात घातलं. मग कोपऱ्यातला जेवायला बसायचा लाकडी पाट पायाने ओढून ओट्यापुढं घेतला, त्यावर चढली आणि मिक्सर लावला. मिक्सर थांबला तशी ती उतरली. थोड्या वेळाने फ्रीज उघडायचा होता, तर पाट फ्रीजपुढं सरकवला, वर उभी राहिली, दही काढलं, उतरली.

सत्यशीला टेकून बसली होती ती ताठ झाली.

“शिवांजली, तू उंचीला कमी न्हाईस. मग पाटावर कावून चढतीस गं?”

शिवांजली हसली. “घरची रीतच हाय, मावशी. लग्न होऊन आले त्या दिशीच आत्याबाईनी सांगितलं, मिक्सर आन् फ्रीज पाटावर हुबं राहूनच वापरायचा. मला वाटलं लक्ष्मीचा काई नेम असंल.”

पदवी घेतलेली पोर, तीन वर्षं मिक्सरपुढं पाटावर उभी राहत होती आणि एकदाही तिने का म्हणून विचारलं नव्हतं. आपल्याकडे सासूने सांगितलं की विजेचीसुद्धा रीत होते.

तेवढ्यात पूजा आटोपून शिवम्माआक्का आत आल्या. आप्पांच्या पत्नी, वय साठीच्या पुढं, कपाळावर विभूतीचे ओले पट्टे. घरातला शब्द त्यांचाच चालायचा, फक्त एक विषय सोडून. त्या विषयावर सत्यशीलाने नेमकं बोट ठेवलं.

“आक्का, पाटाचं काय हाय?”

आक्कांनी दाराबाहेर दुकानाच्या दिशेने एकदा बघितलं आणि आवाज खाली घेतला. “माझ्या हाताला मुंग्या येत्यात बाई. फ्रीजला हात लावला की कोपरापत्तुर जातंय. पाटावर हुबं राहिलं की येत न्हाईत. वात हाय म्हनत्यात.”

“कोन म्हनतंय?”

“समदेच. डाक्टर म्हनतोय, नसा. आप्पा म्हनत्यात, वात. आन् वात न्हाई तर डोक्याचं.” त्या हसल्या, पण हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही. “सुरवातीला मी सांगायचे, फ्रीज चावतोय म्हून. तर आप्पा चार पावन्यात म्हनायचे, आमच्या हिच्या अंगातच करंट हाय, बिल भरायचं काम न्हाई. समदे हसायचे. एकदा बाहेरून एक वायरमन आनला, तो बूट घालून आला, हात लावला, म्हनला काईच न्हाई. मग मी बोलायचं सोडलं. गोळ्या चालू हायत. राती तेल लावते.”

“कवापासून?”

“फ्रीज आनला त्या सालापासून. चौदा वर्सं झाली असतील.”

सत्यशीलाने फरशीवर पाणी शिंपडलं, त्यावर अनवाणी उभी राहिली आणि टेस्टरचं टोक फ्रीजच्या बिजागरीच्या स्क्रूवर टेकवलं. आतला दिवा मिणमिणला. पुरता पेटला नाही, विझलाही नाही. मग तिने हाताची पालथी बाजू फ्रीजला लावली. मुंग्या थेट मनगटात चढल्या.

फ्रीजला अर्थिंगच नव्हतं. जो करंट हिरव्या वायरने गुपचूप जमिनीत जायला हवा, तो आक्कांच्या अंगातून जात होता. थोडा होता म्हणून मुंग्या. उद्या फ्रीजच्या आत एखादी वायर सोलली असती, तर वात आणि नसा दोन्ही एकदमच मिटल्या असत्या. आणि या भिंतीवर आता ओव्हन येणार होता, घरघंटी येणार होती.

दुकान आणि घर यांच्यामधल्या बोळात मेन बोर्ड होता. सत्यशीलाने मेन बंद केला, झाकण उघडलं, बॅटरीचा उजेड टाकला. तानाजीचं काम ओळखू येत होतं, सगळ्या वायरी कशा विंचरून बसवल्यासारख्या. अर्थिंगच्या पट्टीला स्वयंपाकघराकडून आलेली एक वायर घट्ट आवळलेली होती.

ती वायर लाल होती. आणि तिच्या टोकाशी दोन गाठी होत्या.

शेजारी हिरवी वायर गुंडाळून, टेप मारून ठेवलेली. गाठ एकही नाही. पुढंमागं इन्व्हर्टर बसवायचा झाला तर असावी म्हणून एक जास्तीची लाल वायर तेव्हा टाकली होती, जिचं स्वयंपाकघराकडचं टोक मोकळंच होतं, हे तिला आठवलं. आणि मग बाकीचंही आठवलं. त्या पहाटे माहेराहून, तेलगावहून फोन आला होता, आई अत्यवस्थ आहे म्हणून. सहाची एसटी गाठायची होती. मेन बंद, बोळात अंधार, बॅटरी तानाजीकडे. ती धावत येऊन या बोर्डाशी उभी राहिली, गाठी मारल्या आणि स्टँडकडे पळाली. स्वयंपाकघराकडच्या टोकाला तिने आदल्या दिवशी उजेडात बरोबर मारल्या होत्या. इथं चुकल्या. तानाजीने दोन गाठींची वायर अर्थिंगला बांधली, बिनगाठीची टेप लावून ठेवली. त्याने गाठींवर विश्वास ठेवला, म्हणजे तिच्यावर. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा दिवे लागत होते, पंखा फिरत होता, सगळं झाक झालं होतं. अर्थिंग जोडलंय की नाही, हे दिवा सांगत नाही.

जुन्या वायरमन लोकांना इतकी वर्षं नावं ठेवत ती गावभर हिंडली होती, आणि इथं गाठी तिच्याच.

दुकानातून आप्पांचा आवाज आला, “काय बाई, सापडलं का काई?”

“बघायले, आप्पा,” ती म्हणाली.

धोका तसाच ठेवून विचार करत बसणारी ती नव्हती. तिने लाल वायर पट्टीवरून सोडवली, हिरवी सोलून बांधली, मेन चालू केला. पाच मिनिटांचं काम. फ्रीजला टेस्टर लावला, दिवा मेला होता. ओल्या फरशीवर उभी राहून हात लावला. काही नाही.

काम झालं होतं. कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. जुनं वायरिंग तर उद्या सगळं उपटून टाकायचंच होतं. त्या गाठींचा अर्थ जगात दोनच माणसांना कळत होता, आणि त्यांतल्या एकाला वायर लाल आहे हे दिसतच नव्हतं. म्हणजे आपली चूक फक्त आपल्यालाच दिसतेय, असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? दुसरा कुणी असता तर देवाला नारळ फोडून मोकळा झाला असता.

ती पिशवी आवरत होती तेव्हा शिवम्माआक्का ताक काढायला फ्रीजकडे गेल्या. पाट लांब राहिला होता. घाईत त्या तशाच अनवाणी उभ्या राहिल्या आणि दार उघडलं. मग थबकल्या. हात मागं घेतला, परत लावला. तळहात पूर्ण टेकवून उभ्या राहिल्या.

“शिवांजली,” त्या म्हणाल्या, “आज मुंग्या आल्या न्हाईत गं. ह्या नव्या गोळ्या लागू पडल्या म्हनायच्या. आप्पाला सांग, परळीला गेले की अजून दोन पाकिटं आना.”

सत्यशीलाच्या हातातली पक्कड तशीच राहिली. चौदा वर्षं ही बाई खरं बोलत होती. आज खरं सिद्ध झालं, तर त्याचं श्रेय गोळ्यांना! म्हणजे मरेपर्यंत ती स्वतःला आजारी समजणार, तेल लावणार, आणि घर तिला समजून घेतल्यासारखं हसत राहणार. सत्यशीला पिशवी घेऊन बाहेर पडली. बोलायचं तर तानाजीचं गुपित फोडल्याशिवाय बोलता येणार नव्हतं, आणि ते गुपित तिच्या एकटीचं नव्हतं.

तानाजी ओसरीवर मोटार पुढ्यात घेऊन तार गुंडाळत बसला होता. तिने समोर बसून सगळं सांगितलं. मध्ये एकदाही तिच्याकडे न बघता तो वेढे मोजत राहिला. शेवटी हात थांबला.

“माझं नाव सांगून दे,” तो म्हणाला. “तानाजीनं चुकून बांधली म्हन. मी आता कुटं वायरिंग करायलोय? माझं काय जायाचंय?”

“तुमची चूक न्हाई ती. मपली हाय.”

“तुजी चूक सांगायची तर गाठी सांगाव्या लागतेत. गाठी सांगायच्या तर माझे डोळे.”

“व्हय.”

“तीस वर्सं झाकलं, सत्यशीला. लोक काय म्हनतील? ज्यांच्या ज्यांच्या घरी मी वायरिंग केलं ते समदे रातीतून जागे व्हतील. तुला तरी कोन बोलवंल मग?”

हे सगळं खरंच होतं. तिच्या नावावर आज चार घरची कामं ठरलेली होती, गावाने कौतुकाने दिलेलं नाव होतं, आणि हे सगळं त्या डोळ्यांच्या झाकलेल्या गोष्टीवर उभं होतं. ती एवढंच म्हणाली, “त्या गोळ्या खात्यात ओ. न झालेल्या दुखन्याच्या.”

तानाजीने तारेचं टोक बोटांनी चाचपलं. मग म्हणाला, “सकाळी मीबी येतो.”

सकाळी दोघं गेली. गुडघ्यांमुळे तानाजी हळू चालत होता, आणि ती त्याच्या चालीने चालत होती. गवंडी झिऱ्या मारायला घेणारच होता. सत्यशीलाने त्याला थांबवलं आणि आप्पांना बोळात बोलावलं. आप्पा गल्ल्यावरून उठून आले. आक्का आणि शिवांजली स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

सत्यशीला तोंड उघडणार तोच तानाजी बोलला.

“आप्पा, मला लाल आन् हिरवं यातला फरक दिसत न्हाई. जन्मापासून. हे मी तुमच्यापासून झाकलं, समद्या गावापासून झाकलं.”

गवंडी फिस्सकन हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांना अजून काही कळलंच नव्हतं. मग सत्यशीलाने बोर्डाचं झाकण काढलं. गाठी तिने सोडवल्या नव्हत्या. लाल वायर बोटात धरून तिने पुढं केली.

“लालला एक गाठ आन् हिरवीला दोन, असं आमचं ठरल्यालं. त्यायनी गाठीवर हात ठिवून काम करायचं. ह्या गाठी मी मारल्या. अंधारात मारल्या, घाईत मारल्या आन् चुकीच्या वायरला मारल्या. त्यामुळं तुमच्या सैपाकघराला चौदा वर्सं अर्थिंग नव्हतं. चूक त्यांची न्हाई. मपली हाय. काल मी ती जोडली.” मग ती आक्कांकडे वळली. “आक्का, काल मुंग्या थांबल्या त्या गोळ्यांनी न्हाई. फ्रीजला करंट उतरत व्हता. तुमाला वात नव्हता. तुमी सांगत व्हता ते खरं व्हतं.”

आता आप्पांना कळलं, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “चौदा वर्सं!” ते ओरडले. “मानूस मेलं असतं म्हंजी?”

“मेलं असतं,” सत्यशीला म्हणाली. ती खोटं बोलली नाही, सारवासारवही केली नाही.

“ह्याला दिसत न्हाई आन् तू झाकून नेतीस! विस्वासानं घर तुमच्या हातात दिलं मी. उचला ती पिशवी. मी परळीहून मानूस आनतो.”

तानाजीने मान खाली घातली. सत्यशीला पिशवी उचलायला वाकली. आप्पांच्या रागाबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. तो रास्तच होता.

“थांब,” आक्का म्हणाल्या.

त्या दारातून पुढं आल्या होत्या आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत होत्या. “म्हंजी माझ्या हातात काय नव्हतं?”

“नव्हतं.”

“डोक्यातबी न्हाई?”

“कवाच नव्हतं, आक्का.”

आक्का आप्पांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर आप्पांना सोपं गेलं असतं.

“आयकलं का?” त्या म्हणाल्या. “ही गप बसली असती तर कुनाला कळलं असतं? मी गोळ्या खात मेले असते. नाव गेलं तर जाऊ दे म्हून नवऱ्याला घेऊन सांगाया आली. त्यानं तर ल्हानपनापासून झाकल्यालं तुमच्याम्होरं उघडं केलं. ह्यांची चूक ह्यायनी सांगितली. तुमी चौदा वर्सं मला पावन्यारावळ्यात हसला. तुमची चूक तुमी कवा सांगनार?”

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. ते दोनदा “आप्पा, वो आप्पा” म्हणून हाक मारून थांबलं. आप्पा जागचे हलले नाहीत. त्यांनी शर्टाच्या आत गळ्यात असलेल्या करडकीला, इष्टलिंगाच्या डबीला, हात लावला, गवंड्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि शेवटी बायकोकडे. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. ‘आमची ही’ आणि ‘ऐकलं का’ यावरच संसार झाला होता.

“शिवम्मा,” ते म्हणाले, “तुजं खरं व्हतं. माझं चुकलं.”

आक्कांनी पदराने डोळे पुसले. मग सत्यशीलाच्या हातातली पिशवी स्वतः काढून घेतली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली.

“बरं,” त्या आप्पांना म्हणाल्या, “आता सरका तितून. बाईच्या उजेडात यायलाव तुमी.”